आगेवाल्याचे बूट

चेंडू चांगल्या जागी पडलेला दिसला की काशिराम घरतच्या पोटात गोळा यायचा.

वाईट जागी पडला, म्हणजे उंच गवतात बुडाला, झाडाच्या मुळाशी अडकला, वाळूत रुतला, तर मात्र त्याला हायसं वाटायचं. इतर खेळाडू अशा वेळी कपाळावर हात मारून घेतात. हा गडी खुशीत बाह्या सरसावायचा. बघणारे म्हणायचे, वा, काय जिगर आहे! जिगर कसली डोंबलाची. माणूस घाबरलेला होता, आणि हे त्याच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पनवेलमध्ये त्या काळी गोल्फ म्हणजे काय असं विचारलं असतं, तर दहातल्या नऊ जणांनी ते एखाद्या औषधाचं नाव असावं असं सांगितलं असतं. काशिरामच्या गावाला तर त्याहून कमी माहिती. गाव खाडीकाठचं, मिठागरांचं. दिवाळी सरली की बांध घालायचे, मिठाची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची, उन्हाळाभर लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढायचं आणि पाऊस आला की हात चोळत बसायचं. बाप लवकर गेला. काशिरामला वाढवलं त्याच्या आनंदा नावाच्या थोरल्या भावानं. वयात आठदहा वर्षांचं अंतर, पण आनंदाची माया बापाच्या वरची. स्वतः कांजी प्यायचा आणि धाकट्याच्या ताटात चिंबोरीचा नांगा टाकायचा. लग्न झालं, बायको पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हापासून तर त्याला काशिरामशिवाय दुसरं जगच उरलं नाही.

या दोघांना गोल्फ दाखवला झकेरिया साहेबांनी. झकेरिया पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. खाडीपलीकडे मुंबईच्या बाजूला एक साहेबी गोल्फ क्लब होता, तिथल्या कचेरीत ते नोकरीला होते. बोलायला गोड, टापटिपीचे, शनिवारी काही झालं तरी कामाला हात न लावणारे. लढाईच्या दिवसांत क्लबला गवत कापायला माणसं मिळेनात, तेव्हा पावसाळ्यात रिकाम्या बसलेल्या या दोन भावांना ते घेऊन गेले. मीठ ओढणाऱ्या हातांना गवत काय जड!

खेळ आनंदाला पहिल्याच दिवशी कळला. काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या गलीत, म्हणजे जमिनीतल्या खळग्यात, घालायचा, जो कमी टोल्यांत घालील तो जिंकला. गोट्याच की, फक्त मैदान मोठं आणि खेळणारे म्हातारे. एकच नियम कडक. चेंडू पडेल तिथूनच मारायचा. त्याला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, कितीही वाईट जागी पडलेला असो. खेळाडूनं किंवा त्याच्या माणसानं लावलाच, तर ती गल हरला.

मैदान लांबलचक, मधे टेकाडं, झाडं. चेंडू कुठं पडला हे मारणाऱ्याला पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून एक माणूस आधीच पुढं जाऊन उभा राहतो, पडलेला चेंडू हेरतो आणि फडकं हलवून खूण करतो. त्याला आगेवाला म्हणायचं. आनंदा आगेवाला झाला. त्याची नजर घारीची, आणि अनवाणी पायांना गवत, काटे, चिखल काही वर्ज्य नव्हतं. काशिराम साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागला. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा नोकरमंडळींना खेळू देत. साहेबानं टाकून दिलेल्या, तार गुंडाळून सांधलेल्या काठीनं काशिराम खेळायला लागला, आणि झकेरियांनी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि लेखणी खाली ठेवून बाहेर आले. मीठ ओढताना कमरेतून वळायची सवय होती ना, ती अशी कामाला आली.

इंग्रज गेले. क्लबात देशी साहेब आले. नोकरीपेशातल्या खेळाडूंसाठी दर हिवाळ्यात एक चषक ठेवला गेला. झकेरियांनी काशिरामचं नाव घातलं. मोठ्या सामन्यात ज्याचा त्याचा आगेवाला असतो, आणि आगरी पोरांचा रिवाज असा की आगेवाला घरचाच हवा. परक्याच्या नजरेवर आपला चेंडू कोण सोडील? काशिरामच्या पुढं अर्थातच आनंदा उभा राहिला.

पहिलाच चषक काशिरामनं जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा. मग मधलं एक वर्ष सोडून पुन्हा दोनदा. वर्तमानपत्रात फोटो आला. क्लबनं त्याला साहेबांना खेळ शिकवायची कायमची नोकरी दिली. भामा लग्न होऊन घरात आली, मैना जन्मली. एका वर्षी तर पनवेलच्या एस.टी. स्टँडपासून गावापर्यंत ताशे लावून मिरवणूक निघाली. काशिराम बैलगाडीत फुलांच्या माळांत घुसमटलेला, आणि पुढं फडकं हलवत नाचणारा आनंदा. गावातल्या म्हाताऱ्या विचारत होत्या, पोरानं केलं तरी काय? आनंदा सांगत होता, "चेंडू गलीत घातला! सगल्यांच्या आधी!"

इथवर सगळं छान. आता ती दुपार.

काशिराम सुट्टीवर घरी होता. ओटीवर बसून तो काठीच्या मुठीला चामडं गुंडाळत होता. अंगणात आनंदा मैनाला खेळवत होता. पोर तीन वर्षांची. तिच्याकडे गोल्फचा एक जुना चेंडू होता, तो घरंगळत बाजेखाली गेला. मैना वाकून बाजेखाली बघते तर चेंडू नाही. इकडे बघते, तिकडे बघते. "काका, कुटं गेला?" आनंदा दोन्ही हात मागं बांधून आभाळाकडे बघत शीळ घालत होता. आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यानं आणि शेजारच्या बोटानं तो चेंडू अलगद उचलला होता. अंग जागचं हललं नाही, खांदा हलला नाही. पाय नुसता एक पाऊल सरकला, आणि चेंडू तुळशीपाशी मऊ मातीवर जाऊन बसला. "ह्यो बघ! हितं तर हाय!" पोर टाळ्या पिटत धावली.

काशिरामच्या हातातलं चामडं सुटलं. चेंडूपेक्षा तो चेहरा त्याला ओळखीचा वाटला. हात मागं, नजर आभाळात, ओठांवर शीळ. हा चेहरा त्यानं टेकाड चढून जाताना, झाडांच्या रांगेपाशी, उंच गवताच्या कडेला कितीदा पाहिला होता. पुढं आनंदा असा उभा असायचा, आणि शेजारी चेंडू असायचा मऊ, मोकळ्या हिरवळीवर, मारायला सोपा.

त्या दिवसापासून त्याच्या मागं भीती लागली ती लागलीच. जेवताना घास हातात धरून तो मागचे सामने आठवायचा. पहिल्या चषकाच्या वेळी चेंडू आंब्याच्या खोडाला लागल्याचा आवाज आला होता, मग तो बाहेर कसा सापडला? तिसऱ्या चषकाच्या वेळी डबक्याच्या काठावर, पाण्यापासून वीतभर अलीकडे तो थांबला होता, आपला आपण थांबला की थांबवला? यातला माझा चषक कुठला आणि दादाच्या पायाचा कुठला? की सगळेच त्याचे?

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं होतं. सोपं आहे हो बोलणं! विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर? मग नोकरी गेली, नाव गेलं, झकेरिया साहेबांच्या तोंडाला काळं. आणि नाही म्हटलं तर? ज्या माणसानं उपाशी राहून वाढवलं, त्याला चोर ठरवून मोकळा झाला. काशिराम विचारायला तोंड उघडायचा आणि "दादा, पानी आण" असं काहीतरी बोलून मिटायचा.

भर घालायला झकेरिया होतेच, बिचारे काही मनात नसताना. "काशिराम, तुझं नशीब बाकी जोरदार हं. तुझा चेंडू कधी वाईट पडतच नाही!" ते हसत म्हणाले, आणि काशिराम विचारात पडला. साहेबांना कळलंय? की सहज म्हणाले? एकदा त्यांनी त्याला पनवेलच्या घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीनं, हेप्झिबाबाईंनी, मलिदा केला होता. गूळखोबरं घातलेले पोहे, वर फळं, मोठं ताट भरून. "एलियाहू हन्नाबीला नवस बोललो होतो तुझ्या विजयासाठी," झकेरिया म्हणाले, "तो फेडला. घे, प्रसाद घे." काशिरामनं घास तोंडात घातला आणि तो खाली उतरेना. आता फसवणूक देवापर्यंत गेली होती, आणि तीही दुसऱ्याच्या देवापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. हेप्झिबाबाईंना वाटलं, पोराला भरून आलं.

भामाला दिसत होतं की नवरा वाळत चाललाय. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गुण येईना, तेव्हा एका सकाळी विहिरीवर तिनं त्याला गाठलं. "काय झालाय ते बोला, नायतर मी भावोजींना इचारतंय."

भावोजींना विचारते म्हटल्यावर काशिरामचं धाबं दणाणलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. भामानं ऐकून घेतलं, कळशी डोक्यावर चढवली, आणि चालता चालता म्हणाली, "त्यांना बूट घाला की. बुटात बोटं कशी चालतील?"

इतकं साधं! काशिरामला हसू आलं आणि रडूही. पुढच्या खेपेला त्यानं मुंबईहून भावासाठी कॅनव्हासचे उंच बूट आणले. आनंदाला म्हणाला, "दादा, चँपियनचा भाऊ अनवानी बरा दिसत नाय." आनंदाचा आनंद काय सांगावा! जन्मात त्या पायांनी चप्पल पाहिली नव्हती. बूट घालून तो बदकासारखा फेंगडत गावभर फिरला, दारोदार पाय दाखवून आला. टाचांना फोड आले तरी उतरवीना. काशिराम ओटीवरून बघत होता आणि त्याला स्वतःची शरम वाटत होती. पण शरम परवडली, भीती नको, असं त्यानं मनाला सांगितलं.

त्या हिवाळ्यात काशिराम पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. निघायच्या दिवशी पहाटे आनंदा पायरीवर बसला. नाडी बांधणं त्याला कधी जमलंच नाही. भामानं डोक्यावरचा पदर सावरला, खाली वाकून थोरल्या दिराच्या पायांशी बसली आणि दोन्ही बुटांच्या नाड्यांना मिठाच्या गोणीला मारतात तशी गाठ मारली. ती गाठ बोटांनी सुटत नाही, कापावी लागते. मान वर करून तिनं काशिरामकडे पाहिलं. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

आणि दिवसभर तो खरंच सुटल्यासारखा खेळला. समोरचा खेळाडू तरणाबांड, दिल्लीकडचा. पण काशिरामचे टोले असे जात होते की लोक टाळ्या वाजवायचं विसरत होते. एकदा त्याचा चेंडू कुंपणाच्या गवतात पडला आणि गवतातच सापडला. शेजारी आनंदा दुखऱ्या टाचांवर तोल सावरत उभा होता. काशिरामला त्याला मिठी मारावीशी वाटली.

शेवटची गल आली तेव्हा दोघे बरोबरीत होते. ही जिंकेल त्याचा चषक. काशिरामचा टोला जरा उजवीकडे गेला, टेकाडापलीकडच्या जांभळींत. खोडावर आपटल्याचा खणखणीत आवाज त्यानं स्वतः ऐकला. पंचही ऐकून म्हणाले, "गेला आत." पंच म्हणजे झकेरियाच, समितीनं त्या वर्षी त्यांना उभं केलं होतं.

काशिराम टेकाड चढला. पलीकडे आनंदा उभा होता. हात मागं, नजर आभाळात. शेजारी मोकळ्या, मऊ हिरवळीवर चेंडू पांढराशुभ्र बसला होता. गलीपर्यंत वाट सरळ.

 चषक, मिरवणूक, तो न उतरलेला घास, सगळं काशिरामला एकदम आठवलं. मागून दिल्लीवाला येत होता, लोक येत होते, झकेरिया येत होते. आता मारला तर जन्मभर हेच. तो थांबला, आणि त्याला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला.

"साहेब, चेंडू हलवलाय. माझ्या भावानं."

 आनंदानं आभाळातली नजर खाली आणली आणि भावाकडे पाहिलं. काही न समजल्यासारखं.

तेवढ्यात विठू पुढं झाला. विठू दिल्लीवाल्याचा आगेवाला, तिथंच पाचसहा हातांवर उभा होता. त्याला काशिरामची तरफदारी करायचं काही कारण नव्हतं, उलट गप्प बसला असता तर त्याचाच माणूस जिंकत होता. "नाही साहेब," तो झकेरियांना म्हणाला, "मी इथंच होतो. चेंडू खोडावर आपटून आपला आपण बाहेर आला. यानं पायसुद्धा उचलला नाही. कसा उचलील, त्याला चालता येत नाही त्या बुटांत!"

काशिरामनं खाली पाहिलं. बूट होते. भामाच्या दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. 

झकेरियांचा चेहरा उजळला. "मग काशिराम, तुझा काहीतरी गैरसमज..."

"गप रे विठू," आनंदा म्हणाला. आवाज अगदी शांत. "तुला काय दिसला? मीच हालवला साहेब. पायानं. माजा भाऊस खोटा बोलत नाय."

काशिरामनं तोंड उघडलं. खरं सांगतो, त्यानं उघडलं. पण आता काय बोलायचं? भाऊ खोटं बोलतोय म्हणायचं, की मी खोटं बोललो म्हणायचं?  आणि त्या तेवढ्या वेळात झकेरियांनी मान खाली घालून निकाल दिला. खेळाडूही सांगतो, त्याचा आगेवालाही सांगतो, मग पंचानं काय करायचं? गल गेली, आणि गलीबरोबर चषक गेला. आनंदाला मैदानावर पुन्हा पाऊल टाकायची बंदी झाली.

आणि काशिरामला? लोकांनी खांद्यावर घेतलं हो! दिल्लीवाल्यानं हात हातात घेऊन सांगितलं की असा सच्चा माणूस पाहिला नाही.

परतीच्या एस.टी.त दोघे भाऊ पनवेल येईपर्यंत शेजारी बसले होते. घरी आल्यावर आनंदा पायरीवर बसला. भामा कोयती घेऊन आली, गाठी कापल्या. टाचा रक्तानं मोज्यांना चिकटल्या होत्या. तिनं गाठींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पाणी तापवायला आत गेली.

"दादा," काशिराम कसाबसा म्हणाला, "तू कशाला बोललास हलवला म्हणून?"

"तू बोल्लास ना. मंग सगल्यांच्या म्होरं तुला खोटा पारू?"

काशिराम त्याच्या पायांशी बसला. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं, ते आता निघालं. "आनि आदी? आदीच्या चषकांच्या टायमाला? त्या वक्ती हलवला होतास का?"

आनंदानं सुजलेली बोटं मोकळी केली, हळूहळू दुमडली, उघडली. 

"तवा इचारला असतास तं सांगतला असता," तो म्हणाला. "आता मी चोर हाय. आता मी नाय बोल्लो तरी तुला खरा वाटंल का? आन हो बोल्लो तरी?"

 दादाचं म्हणणं बरोबर होतं. नाही म्हटलं असतं तरी काशिरामला खरं वाटलं नसतं.

आनंदा दुसऱ्या दिवसापासून अनवाणी मिठागरात जायला लागला. काशिराम त्यानंतरही पुष्कळ वर्षं खेळला, एकदा जिंकलाही. आगेवाला म्हणून क्लबचा माणूस घ्यायचा. तरी चेंडू चांगल्या जागी पडलेला दिसला की पोटात गोळा यायचाच.

पनवेलच्या शाळेत त्याचा सत्कार झाला. इस्राएलला कायमचं जाण्यापूर्वी झकेरियांनीच तो घडवून आणला. हेडमास्तर मुलांना सांगत होते, बाळांनो, हातातला चषक सोडला पण सत्य सोडलं नाही, सख्ख्या भावाचीही भीड बाळगली नाही. काशिराम हार घालून खुर्चीत बसला होता. सभागृहाच्या दाराकडे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तरी टाळ्या सुरू झाल्या तेव्हा नजर गेलीच.

दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, आनंदा अनवाणी उभा होता. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तोच वाजवत होता.